शांतवनच्या क्लॅरिओनेटचा माउथपीस

९ नोव्हें., रवि.
शांतवनचा माउथपीस गेला. मीच घालवला. हे फक्त इथे लिहितोय, बाहेर कुणाला बोललेलो नाही.

शां. महिनाभर खोकल्याने अंथरुणावर. आता बरा. परवा गेलो तेव्हा झोपलेला, रूथवहिनी शेळ्यांमागे. क्लॅरिओनेटची पेटी उघडी. एवढ्या दुखण्यानंतर हाच माउथपीस पुन्हा तोंडात धरणार? सगळ्या तालुक्याला जंतू समजावून सांगणारा मी. चहाच्या पातेल्यात पाणी उकळले, त्यात टाकला. पाच मिनिटे. गंधकासारखा वास. काळा कुळकुळीत होता, बाहेर निघाला तो शेवाळी तपकिरी. पुसून जागेवर ठेवला आणि निघून आलो.

आज उपासनेला त्याने फुंकर मारली आणि नुसते चिरकले. मी देवळात जात नाही, चर्चमध्येही नाही. पण चाळीस वर्षे दर रविवारी बाहेर चिंचेखाली उभा राहून त्याचे वाजवणे ऐकतो. आज दोन ओळींत थांबला.

त्याच्या उस्तादाचा पहिला नियम: माउथपीसला गरम पाणी दाखवायचे नाही. मी एका भाषणात अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगितलाय तो. शां. समोरच बसला होता. हसलाही होता.

१२ नोव्हें.
नगर. (पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगरच.) "दुसरा आणतो, नमुना दे" म्हणून जुना शां.कडून मागून नेला होता. वाद्यांच्या दुकानदाराने भिंगातून पाहिला.
"सर, हा एबोनाइटचा. कडक केलेलं रबर. कंपनीनं बनवणं कधीच बंद केलं. आता प्लास्टिकचा मिळतो." मग, "हा तापलाय का कुठं?"
उन्हात राहिला असेल, म्हणालो. नोव्हेंबरात!

रबर. उकळत्या पाण्यात वाकडे होणारच. त्या उस्तादाला एबोनाइट हा शब्द माहीत नसेल, गुण माहीत होता. मी कारण कधी विचारलेच नाही. थेट टिंगल.

प्लास्टिकचा घेऊन आलो.

१५ नोव्हें.
शां.ने तो लावून पाहिला. वेताची पत्ती बदलली, पुन्हा बांधली. ओठ घट्ट, ओठ सैल. तासभर. चेहऱ्यावर जराही वैताग नाही. मग म्हणाला, "वाजतंय झ्याक, मास्तर. पर बोलत न्हाई."
रूथवहिनी चुलीपासून, "चाळीस वर्सं त्यो काळा तुकडा तोंडात. माज्यासंगं येवढं कवा बोलले न्हाईत."
"तू कवा सुरात बोललीस गं?"

जुन्यावर त्याच्या वरच्या दोन दातांच्या खाचा आहेत, नखाने चाचपता येतात. इतकी वर्षे रोज त्याच जागी दात. माझ्या भाषणांची अशी खाच कुठे पडली असेल का?

वहिनींनी विचारले, "नाताळाला मग काय करायचं?" शां. पुन्हा पत्ती सोडायला लागला.

२१ नोव्हें.
घोडेगाव. जनावरांच्या बाजारालगतच मंडप. विषय: प्रश्न विचारा. माझ्या भाषणाआधी दहा मिनिटे शां. वाजवतो, तसा रिवाजच. आज तो नाही. म्हैस विकून आलेले एक बाबा पुढे बसलेले. "वाजिवनारं पाव्हनं न्हाई आलं? मंग भाषान आटपा लवकर."
सगळे हसले. मीही. लोक कुणासाठी येत होते ते कळले, आणि वाईट वाटले नाही. मलाही त्याचेच ऐकायचे असते.
"कारण विचारल्याशिवाय काही नाकारू नका" हे वाक्य ठरवून गेलो होतो. तोंडातून निघेना. गाळले.

२९ नोव्हें.
रूथवहिनींना आठवले: संगमनेरचे दत्तोबा, शां.चे गुरुभाऊ, एकाच बँडमधले. दोघांनी एकाच दिवशी, एकाच जातीचे माउथपीस घेतले होते. दत्तोबा वारले. बायको आहे.
शां. नको म्हणतो. "मेलेल्या मानसाच्या तोंडातलं मागायचं व्हय?"
मी अर्धा तास बोललो. शेवटी म्हणाला, "चल, पर तोंड बंद ठिव."

४ डिसें.
संगमनेर. हौसाबाई, दोन खोल्यांचे घर. बँडच्या पोशाखातला दत्तोबांचा फोटो, खाली कोनाड्यात माउथपीस. काळाभोर. खंडेनवमीचे कुंकू अजून लागलेले.
"द्यायला माजी ना न्हाई," बाई म्हणाल्या. "पर आदी जुन्याला काय झालं ते सांगा."
शां. पटकन म्हणाला, "हातातनं पडला, वहिनी."
खोटे कधी न बोलणारा माणूस. कुणासाठी बोलला ते उमगायला मला एक क्षण लागला.
बाईंनी रुमालातला जुना घेतला, नाकाशी धरला. "ह्यो पडल्याला न्हाई. उकाळल्याला हाय. कुनी?"
दोन-दोन तास न थांबता बोलतो मी. "मी," म्हणालो. एवढेच.
"शिकल्याले दिसतात."
"लई," शां. म्हणाला.
बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग अट घातली. "नाताळात तुमच्या देवळात वाजवा. मंग हितं येऊन ह्येंच्या फोटूम्होरं भैरवी. मला सूर वळखीचा वाटला तर तुमचा. न्हाईतर हाय तितं आनून ठिवायचा."

येताना बसमध्ये, "शांतवन, मी..."
"खिडकी लाव. वारं लागतंय."
म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. महिनाभर मला हिंडू दिले, एक शब्द नाही. त्याच्या जागी मी असतो तर सभा घेतली असती.

१४ डिसें., रवि.
दत्तोबा डाव्या दाताने धरत असावेत, खाच तिकडे आहे. शां.चा दात सारखा त्यात घसरतो. ओठ आतून सोललाय. वरचे सूर आले, खालचे फाटतात. तरी रोज कालव्याच्या भरावावर, पहाटे. अडुसष्टाव्या वर्षी, काल शिकायला बसल्यासारखा एकच सूर धरून. मी लांब बसतो. असा अभ्यास मी पुस्तकांत वाचलेला, डोळ्यांनी आत्ता पाहतोय.
त्या दिवसाबद्दल अजून बोलणे नाही. माफी मागायची ठरवून जातो, तो पत्तीबद्दल बोलतो.

२१ डिसें., रवि.
नाताळाला चार दिवस. खालचा सा कधी लागतो, कधी नाही. आज तीनदा लागला, चौथ्यांदा गेला.
दुपारी त्याच्या अंगणात. वाजवता वाजवता थांबला, माउथपीस काढून माझ्यापुढे धरला.
"जा, धुऊन आन."
मी तसाच उभा.
"काय रं मास्तर? नळ ठावं न्हाई व्हय? गारच येतंय पानी त्याला."
घरात रूथवहिनी फसकन हसल्या.
दोन्ही हातांत धरून धुतला. खाचेतले कुंकू निघेना, राहू दिले. नेऊन दिला. शां.ने उलटसुलट करून पाहिलाही नाही. पत्ती बांधली आणि ओठांना लावला.