जरा आत सरका

अप्पा, तुमची अठ्ठावीस एमएमची रुंद लेन्स मी अजून वापरतो. कॅमेरा बदलला. फिल्म गेली, तिच्या जागी सेन्सर आला, आणि माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे. तुमच्या लेन्सला जेवढं दिसतं, त्याच्या कडा तो कापून टाकतो. आता फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा आलाय, त्याला फुल फ्रेम म्हणतात. घ्यावा की नाही, यात माझा सगळा उन्हाळा चाललाय. लग्नांना आहे तो पुरतो. हॉलमध्ये मागं जायला जागा असते. पुरत नाही तो मयताच्या फोटोला.

त्या खोल्या तुम्हाला माहीत आहेत. गेलेल्या माणसाला रीतीप्रमाणे भिंतीशी बसवलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, भोवती घरचे सगळे, आणि आपल्या पाठीला कपाट. तुम्ही कपाटाला टेकून एकदाच बटण दाबायचा आणि दारातली सूनसुद्धा फोटोत यायची. मला तिथून कडेचे लोक दिसत नाहीत. मग मी म्हणतो, जरा आत सरका. मध्यंतरी एका घरी म्हातारा गेला होता. मी पुन्हा पुन्हा सरका म्हणत राहिलो, तेव्हा त्याची बहीण डोळे पुसत म्हणाली, "रडायचं का सरकायचं, एक काय ते सांग की बाबा." एकदोघं हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन दुकानदाराला फोन केला.

त्यानं एक दिवस वापरायला कॅमेरा दिला. म्हणाला, "घिऊन जावा. परत आणायचं मन हुनार न्हाय." त्याच दुपारी गडहिंग्लजकडून बोलावणं आलं. घरातले थोरले गेले होते. त्यांच्या वडिलांचा, तुम्ही काढलेला शेवटचा फोटो भिंतीवर आहे. तीच खोली, तेच कपाट. मी टेकून उभा राहतो, डोळा लावतो. सगळे आत. कुणाला काही सांगावं लागत नाही. आलो तसं काम संपतं.

मग मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि भिंतीवर बघितलं. तुमच्या फोटोतली माणसं एकमेकांना टेकलेली आहेत, कुणाचा हात कुणाच्या पाठीवर आहे. माझ्या फोटोत सगळे आहेत, आणि सगळ्यांच्या मध्ये जागा आहे. घरातली आजी माझ्याकडे बघत होती. "तुजा बा आला की आदी बसायचा. आमी म्हनायचो, पावनं, काढा की फोटो. तर म्हनायचा, काढतो की, गडबड काय हाय?"

ते बसणं मला आठवतं. बॅग बंद, हात मांडीवर. मला वाटायचं तुम्ही उजेडाची वाट बघताय. तेवढ्यात ती माणसं रडता रडता आपणहून जवळ येत होती.

हे कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. कॅमेरा मी परत नेऊन दिला. पुढच्या मयताला जुनाच घेऊन गेलो आणि बसलो. बॅग उघडली नाही. पाय हलत होता, खिशातली गाडीची किल्ली चाचपत होतो. लोक रडायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी थोरला मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय बिघडलंय काय, पावनं?" मी लगेच उठलो, बॅग उघडली आणि म्हणालो, जरा आत सरका.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो. उद्या दुकानदाराला हो सांगणार आहे. तुमच्यासारखं बसणं मला जमत नाही, अप्पा. निदान सरका तरी म्हणावं लागणार नाही.