एकच बटण

सोमवार, ३ जून
लागले एकदाची नोकरीला! जिन्यात एक जण धडकला आणि माफ करा, माफ करा म्हणत खाली पळाला. माझ्या टेबलावर आधीच्या माणसाचा चहाचा कप होता, अजून कोमट. साहेबांनी गोदामाच्या प्रोग्रामचे डायलॉग नव्याने करायला सांगितलं. डायलॉग म्हणजे काम अडवून प्रश्न विचारणारी छोटी चौकट. उत्तर देईपर्यंत मागचं सगळं करडं, कितीही बडवा, ढिम्म हलत नाही. असला आगाऊपणा तुलाच जमेल, असं ताई फोनवर म्हणाली. सोळाला ती भेटायला येणार. तोवर या गावात बोलायला कोणी नाही.

गुरुवार, ६ जून
लोक सवयीने 'नाही' दाबतात, अशी साहेबांची कुरकुर. मी सगळ्या डायलॉगांतून 'नाही' काढूनच टाकलं. वर माझा शहाणपणा: वीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्रोग्रामने स्वतःच 'होय' धरायचं. साहेब खूश. मीही, खोटं कशाला बोलू?

मंगळवार, ११ जून
मी न लिहिलेला डायलॉग उघडला. तुम्ही एकटे आहात? आधी हसू आलं, मग रडू. आठ दिवसांत हे विचारणारं पहिलंच कोणी. 'होय' दाबलं.

बुधवार, १२ जून
साहेबांना तीनदा हाक मारली. मानही वळवली नाही. ताईला फोन लागतो, ती हॅलो हॅलो करते आणि ठेवून देते. सगळं करडं दिसतंय.

शुक्रवार, १४ जून
ऑफिसचं दार आतून उघडत नाही. प्रोग्रामने टिपलेली जुनी उत्तरं वाचली. तीन तारीख, मी आले ती वेळ— कोणी आलं आहे. त्यांना तुमच्या जागी बसवून तुम्हाला सोडू? उत्तर, होय. जिन्यात धडकलेल्या त्या माणसाकडे 'नाही' होतं. तरीही.

रविवार, १६ जून
ताई! खोलीवर सापडले नाही म्हणून इथे आली. काचेपलीकडे उभी, हातात माझा जुना स्वेटर. मी तिला दिसत नाही.
पडद्यावर तोच प्रश्न: कोणी आलं आहे. त्यांना तुमच्या जागी— खाली एकच बटण.
दाबणार नाही. इथेच मेले तरी नाही.
पण वीस सेकंद— मीच लिहिलं—
वायर उपटली. पडदा चालूच.
काच बडवतेय, ऐकू जात नाही तिला— दाराला हात लावतेय— ताई, नको गं, मागे फि—