सृष्टीच्या सिनेमाचा तपासणी अहवाल

ती. सौ. ललिताताई,

धाकट्या गोरक्षचा नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग (नवसाबाई मावशींना जरा जास्त वाकून सांग). दाजींची पाठ कशी आहे, मावशींच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का, गाय व्याली का, सगळं कळव. आम्ही इकडे बरे आहोत. बरे म्हणजे उभे आहोत. या आठवड्यात मला नाइट शिफ्ट आहे आणि दिवसा तू लावून दिलेलं काम आहे, त्यामुळे झोप हा विषय मी सध्या बंद ठेवलाय. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की मावशी 'स्पीकर लाव' म्हणतात, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पाकीट रावजीच्या पिकअपमधून पाठवतोय. तो नाशिकला भाजी उतरवून दुपारी नामपूरला परततो. (पाकीट नीट चिकटवलंय. उघडं मिळालं तर त्याला विचार.)

तर तुझी सृष्टी. तिच्या शाळेनं पहिलीच्या सगळ्या पोरांना येत्या शनिवारी राक्षसांच्या सिनेमाला न्यायचं काढलंय आणि घरच्यांची सही मागितलीय. मी आपला भोळेपणानं तुला फोनवर विचारायला गेलो, तर तू म्हणालीस, तूच आधी बघून ये, कंपनीत दिवसभर पास-नापासच करतोस ना. ताई, मी अंबडला बेअरिंगच्या कड्या तपासतो. कडी किंचाळत नाही, अंगावर धावून येत नाही. हे मी बोलणार तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला, "पोर तठे एकदाबी घाबरनी ना, तर गाडीमा बसाडीसन घर लई या!" झालं. म्हणजे पोरगी एकदा दचकली की शाळा गेली उडत आणि सृष्टी परत नामपूरला. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. तुला माहीत आहे, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि या घरातून शाळेचा डबा या जूनपासून पहिल्यांदा जायला लागला. हर्षाली त्या डब्यासाठी पोळीच्या चांदण्या कापते. (चांदणी कापल्यावर पोळीचं जे उरतं ते गेले अडीच महिने मी कंपनीत नेतोय. साहेबांनी एकदा विचारलं, घरी उंदीर झालेत का?) ही पोरगी गेली तर आमचं काय होईल, ते मला लिहवत नाही.

मंगळवारी सकाळी शिफ्ट सुटल्यावर तसाच थेट थिएटरला गेलो. सवयीप्रमाणे तपासणीचा तक्ता बरोबर घेतला होता, दोष कुठे, किती मोठा, गंभीर, मध्यम की किरकोळ. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायचं राहून गेलेलं, हातात मोबाइलची बॅटरी. आता तूच सांग, पोरांच्या सिनेमाला एकटा आलेला, तांबारलेल्या डोळ्यांचा, अंधारात टिपणं काढणारा माणूस बघून कुणाला काय वाटेल? मॅनेजरला वाटलं, मी कुठल्यातरी सरकारी खात्यातून तपासणीला आलोय. आधी एसी वाढला. मग एकानं येऊन माझ्या आसपासच्या खुर्च्या पुसल्या. एक पोरगं खुर्चीवर बसलेलं होतं, त्यालाही जवळजवळ पुसलं. मध्यंतरानंतर थोड्या वेळानं स्वतः मॅनेजर आला आणि मला ऑफिसात चहाला घेऊन गेला. मी म्हटलं, अहो, मी भाचीसाठी आलोय. तो म्हणाला, "हो हो साहेब, सगळे असंच म्हणतात." बिस्किटं खाऊन येईपर्यंत दहाएक मिनिटं गेली असतील.

सिनेमाचं काय सांगू! तळ्यातून एक राक्षस निघतो, त्याला दातांच्या दोन-दोन रांगा. एक पंखांची म्हातारी छपरावर बसून पोरांची नावं घेते. एक विहीर बोलते, आणि चांगलं काही बोलत नाही. मी अकरा गंभीर दोष लिहिले, त्यातले चार डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून. म्हातारीनं पहिल्यांदा मान वळवली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीचा हात समजून जो धरला, तो शेजारच्या पोराचा हात निघाला. पाच वर्षांचं असेल. ते मला म्हणालं, "काका, ते खोटं असतं," आणि आपले पॉपकॉर्न माझ्यापुढे धरले. चाळीशीच्या उंबरठ्यावर ही शोभा. मी मुकाट्यानं घेतले.

घरी येऊन हर्षालीला तक्ता दाखवला आणि म्हटलं, माल नापास, सही नाही. तिनं तक्ता वाचला (ओळीवर ओळ चढलेली, तरी वाचला) आणि विचारलं, "हे तुम्ही घाबरलात त्याचं लिहिलंय. पोरीचं कुठं लिहिलंय?" ताई, एवढ्या वर्षांत मला आमच्या साहेबांनी असं पकडलं नव्हतं. कंपनीतही शंका आली की आम्ही एक नग प्रत्यक्ष चालवून बघतो. म्हणून गुरुवारी शाळा लवकर सुटली तसा सृष्टीलाच घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. हो, तुला न विचारता. रागव, पण पुढचं वाच. (ज्या पोरीला दाखवावं की नाही हे ठरवायचं, तिलाच दाखवून ठरवायचं, हे शहाणपण माझ्या लक्षात दिवे विझल्यावर आलं.)

राक्षस आला. मी तिच्या डोळ्यांवर हात धरला, तिनं तो काढला आणि विचारलं, याला ब्रश कोण करून देतं? म्हातारी छपरावर बसली, तर म्हणाली, ही अंडी देते का? विहीर बोलायला लागली तेव्हा ती इतकी खुदखुदून हसली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. मी एकेक दोष खोडत गेलो. अकराच्या अकरा गेले. माझ्या डोळ्यांपुढे मावशींचा चेहरा आला, आणि खरं सांगतो, मी मनातल्या मनात त्यांना चांगलंच ऐकवलं.

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं एक प्रसंग आला, तो माझ्या तक्त्यात नव्हता. मंगळवारी मी तेव्हा मॅनेजरकडे बिस्किटं खात होतो. त्यात राक्षस नाही, अंधार नाही, संगीतसुद्धा नाही. ऊन पडलंय. एक आई आपल्या पोरीला कुणाच्यातरी दारात उभी करते, तिची रिबीन सारखी करते, "आलेच हं" म्हणते आणि रस्त्यानं चालू पडते. पोरगी बघत उभी राहते. एवढंच. थिएटरातली पोरं कंटाळून खाऊ मागायला लागली. आणि आपली सृष्टी खुर्चीतून उतरली, माझ्या मांडीवर चढली आणि माझ्या शर्टात तोंड खुपसून बसली. अडीच महिन्यांत ती घरात अहिराणीचा शब्द बोलली नव्हती. शाळेत इंग्रजी, आमच्याशी मराठी, अगदी शहाण्यासारखी. ती शर्टातूनच म्हणाली, "मामा, मन्ही माय कव्हय येई?"

आई कधी येणार, हे ती मला विचारत होती. मी आपला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. पुढे राक्षस परत आला तेव्हा ती आपणहून खुर्चीत जाऊन बसली, आणि घरी आल्यावर हर्षालीला सगळा सिनेमा हातवारे करून सांगितला. विहिरीचा आवाज तर माझ्यापेक्षा चांगला काढला. तेवढा एक प्रसंग मात्र तिनं सांगितला नाही. मीही सांगितला नाही.

तर शनिवारच्या कागदावर मी सही केली आहे. सिनेमा मुलांना दाखवायला हरकत नाही. दाजींना सांग, पाठीला शेक द्या आणि पोती उचलू नका. हर्षाली सगळ्यांना नमस्कार सांगते.

तुझा,
गोरक्ष

ता. क. : मावशींनी वाचून दाखवायला सांगितलं तर राक्षसाच्या दातांपर्यंत वाच आणि पान उलटू नकोस. पोरगी कशालाही घाबरली नाही, असं माझ्या नावावर सांग. राक्षसांपुरतं ते खरं आहे.

ता. क. दुसरा : खरं तर हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पण तीन पानं झाली तरी धीर होत नव्हता. जूनमध्ये तू तिला सोडायला आलीस तेव्हा, ती रडेल, गुपचूप निघून जा, असं तुला मी सांगितलं होतं. हर्षाली तिला कोपऱ्यावर कुल्फीला घेऊन गेली आणि तू मागच्या मागे स्टँडवर गेलीस. सृष्टी परत आली तेव्हा तिच्या हातात दोन कुल्फ्या होत्या. दुसरी तुझी होती. वितळेपर्यंत पोरगी ती धरून बसली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. नंतर तू यायचं म्हणालीस तेव्हाही, आता रुळतेय, येऊ नकोस, असं मीच म्हटलं. ती रुळावी म्हणून म्हटलं, असं तुला सांगितलं. तू आलीस तर ती तुझ्याबरोबर जाईल, या भीतीनं म्हटलं होतं.

ता. क. तिसरा : या रविवारी ये. मावशींना माझी तब्येत बिघडलीय म्हणून सांग, तोंड बघून कुणालाही पटेल. दिवसभर राहा. तिला तुझ्याबरोबर यायचं असलं तर घेऊन जा, तिची पिशवी मी भरून देईन, हर्षालीची समजूतही मीच घालीन. आणि राहते म्हणाली, तर निघताना तिला समोर उभी कर, मी जातेय म्हणून सांग, परत कोणत्या वारी येणार तेही सांग, आणि मग नीघ. रडेल ती. रडू दे. मी धरतो तिला.