चार नंबरचा आवाज

दाजी,

तुम्हाला लिहायचं म्हणून पाच वेळा कागद घेतला आणि पाचही वेळा उठलो. एकदा पेन सापडंना म्हणून दुकानात गेल्तो, तर तिथं दोघांचं सायकलच्या घंटीवरून भांडण जुंपलेलं. ते बघत उभा राह्यलो आणि पेन न घेताच परत आलो. एकदा वाटलं, आधी गिटारच्या तारा पुसू, मंग लिहू. कारणं काय, हजार. खरं एवढंच की मी टाळून राह्यलो. भीती वाटते दाजी! जिवंतपणी तुम्हाला कधी भ्यालो न्हाई, आता भ्यायला लागलोय.

आज लिहितोय, कारण दुपारी एकला लाईट गेली ती चारशिवाय यायची न्हाई. तुमचा गिटारचा डबा बंद पडलाय. करायला दुसरं काही न्हाई. आणि उद्या सकाळच्या गाडीनं अक्का जाफराबादकडून, तुमच्या गावाहून, परत येणार.

दाजी, तुमचा चार नंबर माझ्या हातून पुसला गेला.

घ्या, लिहिलं एकदाचं.

आठवतं, तो काळा डबा तुम्ही हैदराबादहून आणला तेव्हा ऑर्केस्ट्रातले सगळे किती हसले होते? केवढा मोठा तुमचा जुना अँप्लिफायर, दोघांनी धरून टेम्पोत चढवायचा, आणि त्याच्या जागी हा पानाच्या डब्याएवढा डिजिटल मॉडेलर! गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, ती थेट मंडपाच्या साऊंडला. तुम्ही म्हणालात, "याच्या पोटात सोळा अँप्लिफायरचे आवाज कोंडलेत, अन् प्रत्येकाला आठ-आठ स्पीकरच्या पेट्या. पाहिजे तो अँप काढायचा, पाहिजे त्या पेटीत टाकायचा." मी म्हणालो, म्हणजे भूतच की! तुम्ही म्हणालात, "भूतच. पण शहाणं भूत."

पहिल्या कार्यक्रमात ते शहाणं भूत मधमाश्यांसारखं घोंगावलं. नवरदेवाच्या मामानं कानात कापूस घातला. आठवून आताही हसू येतं.

मंग तुम्ही रोज घेऊन बसायला लागलात. "हे जे कंपनीनं आतून भरून दिलेले आवाज हायेत ना गजू, ते दुकानात गिऱ्हाईकाला भुलवायला. तिखट, गोड, सगळंच जादा. मंडपासाठी आपला आवाज आपणच लावायचा." हेडफोन लावून मी एकदा मस्त आवाज बनवला होता, अंगावर काटा येईल असा. तुम्ही तो भोंग्यातून ऐकवला तर पत्रा खाजवल्यासारखा! तेव्हा म्हणालात, जिथं वाजवायचं तिथूनच ऐकून लावायचं, आणि तेवढ्याच मोठ्यानं. आवाज फाडणारा ड्राईव्ह तर तुम्ही इतका कमी ठेवायचा की मला राग यायचा. तार जोरात छेडली तरच जरा खरखर, हळू छेडली की साफ.

आणि ती तुमची सवय! दोन-तीन तुकडे वाजवले की गिटार माझ्या गळ्यात टाकायची, "वाजवत राहा" म्हणायचं, आणि तरातरा निघायचं. कुठं? मंडपाच्या मागं, आचाऱ्याच्या भट्टीपाशी. तिथं उभं राहून ऐकायचं आणि परत येऊन कधी ट्रेबल उतरव, कधी पेटी बदल. मला वाटायचं, बुंदी खायला जाताय. मी चिडवायचोसुद्धा. तुम्ही काही बोलला न्हाईत. का न्हाई बोललात, दाजी?

मंग एक दिवस तुमचं मन भरलं. आवाज आत साठवायचं स्टोअरचं बटन तुम्ही दोनदा दाबलंत. चार नंबर. पाचही नॉबवर अक्काच्या लाल नखपॉलिशचा टिपका, समोर डब्यावर दुसरा टिपका. आणि म्हणालात, "टिपके नुसते वरच्या पाचांचे. अँप कोणता, पेटी कोणती, ते आत हाय. लिहून घे गजू, डब्याचा भरवसा न्हाई." मी वही काढली. ती वही आता माझ्यासमोर उघडी आहे. पानावर लिहिलंय, "चार नंबर", पुढं दोन टिंबं, आणि खाली एक शेळी काढलेली. चांगली आलीये शेळी. दाढीबिढी सगळं. तेव्हा मंडपाच्या बाहेर एक शेळी हाराची फुलं खात होती, आणि मी... जाऊ द्या.

तुम्ही गेलात त्या दिवशीही असंच न्हाई का झालं? वाटूर फाट्यावर सर्कशीचा उंट ट्रकमधून उतरवत होते. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी हे बघून मागच्या जीपनं येतो. तुम्ही म्हणालात, "तुझा उंट तुला लखलाभ!" ते शेवटचं. तुमची जीप वळणावर उलटली. डबा तुमच्या मांडीवर होता, त्याला ओरखडाही न्हाई. मी त्या उंटाचं तोंडसुद्धा नीट पाह्यलं न्हाई दाजी, तेवढ्यात लोक पळत आले.

तेव्हापासून अक्का रोज दिवेलागणीला डबा चालू करायला सांगते. हात पदराला पुसते. गिटारची जाड तार एकदाच छेडते. एकदाच! आवाज विरेपर्यंत उभी राहते आणि मंग भाकरी करायला जाते. मी विचारलं होतं एकदा, की अक्का, काय ऐकतीस? म्हणाली, "ते आले का बघते." परत कधी विचारलं न्हाई.

आता सांगतो कसं झालं. अक्का तुमच्या गावी कापूस वेचायला गेल्यावर, एका दुपारी व्होल्टेज वर-खाली झालं आणि डबा अडकला. आकडा लुकलुकतोय, आवाज न्हाई. नवीन जालन्यात एका ओळखीच्यानं सांगितलं, ही दोन बटनं दाबून धर अन् चालू कर, नव्यासारखा होईल. मला भीती वाटली न्हाई. का? कारण लाल टिपके जागेवर होते! मला वाटलं, टिपक्यासमोर टिपका आहे तोवर दाजींचा आवाज कुठं जातोय! तुम्ही सांगितलं होतं की बाकीचं आत आहे. मी ऐकलंही होतं. पण डोक्यात टिपकेच राह्यले आणि शेळी.

दाबली. डबा खरंच नव्यासारखा झाला. चार नंबर लावला, तार छेडली, आणि आतून कंपनीचा आवाज आला. परका. दारात तुमच्या चपला घालून दुसराच कोणी उभा असल्यासारखा. 

नॉब हलवून परत टिपक्यांवर आणले. तेवढं जमलं. पण आतला अँप? पेटी? सोळा गुणिले आठ, एकशे अठ्ठावीस होतात. मी तीन दिवस तेच करून राह्यलो. एक लाव, ऐक, दुसरा लाव. पहिल्या दिवशी वाटलं, हाच. दुसऱ्या दिवशी तोच लावला तर वाटलं, छे! आणि काल दुपारी एक गोष्ट कळली. मला तुमचा आवाज आता आठवतच न्हाई. इतके ऐकले की खरा त्यांच्यात हरवला. दाजी, कान विसरला म्हणजे माणूसही विसरायला लागतो का? उद्या तुमचं बोलणंही असंच जाईल का?

मधेच बुधवारी वाटूरला गेल्तो. सोपानमामा आचारी तिथं एका साखरपुड्याच्या स्वयंपाकाला होते. म्हटलं, तुम्ही त्यांच्याच भट्टीपाशी जाऊन ऐकायचात, तो आवाज त्यांच्या कानात तरी असंल. साऊंडवाल्याच्या हातापाया पडलो, डबा लावला, तुकडा वाजवला, आणि पळत भट्टीपाशी.

"मामा, दाजींचा आवाज असाच होता का?"

"येड्या, मला तेल तापल्याचा आवाज कळतो. तुझ्या तारेतलं मला काय कळतंय?"

"पण दाजी दरवेळी तुमच्यापाशीच येऊन ऐकायचे ना?"

"विचारायचा मला. उत्तर दुसऱ्याचं असायचं." मामांनी कढईतला झारा काढून बाजूला ठेवला. "जाफराबादकडचं लग्न असलं की एक म्हातारा यायचा. शर्टाचं बटन गळ्यापर्यंत. माझ्या मागं पोत्यावर बसायचा, मंडपाकडं पाठ करून. जेव म्हटलं तर जेवायचा न्हाई."

"कोण म्हातारा?"

"कोण म्हणजे? तुझ्या दाजीचा बाप!"

म्हणजे दाजी, तुमचे वडील, तात्या? ऑर्केस्ट्रात गेलात म्हणून ज्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते तात्या? "दुसऱ्याच्या लग्नात तुणतुणं वाजवणारा माझा कोणी न्हाई" म्हणणारे?

"तुझा दाजी यायचा अन् मला विचारायचा, 'काय मामा, इथवर नीट येऊन राह्यलं का?' म्हातारा भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, 'सांगा त्याला, कानाला टोचतंय.' मंग मी सांगायचो, टोचतंय रे बाबा. तो जायचा, काहीतरी पिळायचा, परत यायचा. 'सांगा, आता गुळमट झालं.' मी म्हणायचो, गुळमट. दोघं हातभर अंतरावर, अन् मधी मी झारा घेऊन! तीनदा पाक बिघडला माझा यांच्यापायी."

"मंग?"

"मंग एका लग्नात म्हातारा गप्पच. वाजणं सरेपर्यंत बसला. मी म्हटलं, काय सांगू त्याला? तर म्हणे, 'काही सांगू नका.' तुझा दाजी हसत हसत पळाला मांडवात, लहान लेकरासारखा. त्या लग्नात कुणाची तरी शेळी शिरली होती, हार खाऊन गेली सगळे."

शेळी, दाजी! त्याच दिवशी तुम्ही स्टोअर दाबलं. त्याच दिवशी मी शेळी काढत बसलो. म्हणजे मी पुसला तो नुसता तुमचा आवाज न्हाई. तुम्ही दोघांनी, एकमेकांशी एक शब्द न बोलता, दोन हंगाम घालून बनवलेला तो आवाज होता. तुमच्यात तेवढंच बोलणं होतं आणि ते या डब्यात होतं. मला का न्हाई सांगितलं हो? सांगितलं असतं तर मी शेळीकडं बघितलं नसतं. बघितलं असतं कदाचित. पण लिहिलंही असतं.

दहाव्याला तात्या पाण्याकडं बघत बसले होते. मला तेव्हा वाटलं, केवढा कठोर माणूस. मी त्यांच्याशी दोन शब्दसुद्धा बोललो न्हाई.

आता खरं सांगतो, कारण तुमच्यापासून काय लपवायचं. पिशवी भरून दाराशी ठेवलीये. संध्याकाळच्या गाडीनं मनमाडकडं निघून जावं, तिथून कुठंही. मी गेलो तर कुणाला नवल वाटायचं न्हाई, गजू काय, भटक्याच. दुसरा विचार त्याहून वाईट. एकशे अठ्ठावीसातला बरा वाटंल तो चारवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. अक्काला कदाचित कळणार न्हाई. पण मंग रोज दिवेलागणीला ती भलत्याच आवाजाजवळ उभी राहील, ते आले का बघत. ते मी कसं बघू? आणि कळलं तर? तार छेडल्यावर तिनं नुसतं माझ्याकडं पाह्यलं तर? 

म्हणून तुम्हाला शब्द देतो. अक्कानं तारेला हात लावायच्या आधी मी तिला सांगणार. सगळं, शेळीसकट. पळणार न्हाई. तुमच्या नावावर दुसरा आवाज खपवणार न्हाई. आणि कधीतरी, अंगात हिंमत आली की, डबा घेऊन तुमच्या गावी जाईन, तात्यांच्या दारात लांब बसून वाजवीन, आणि टोचतंय म्हणाले की उतरवीन.

शेळीवाला, उंटवाला, पण तुमचाच मेव्हणा,
गजू

ता.क. पटकन लिहितो. लाईट आली, डब्यावर चारचा आकडा लागला, आणि दाराशी रिक्षा थांबली. अक्का! एक दिवस आधीच! आणि तिच्या मागून उतरले ते तात्या. तुम्ही ही खोली केल्यापासून इथं कधी पाय न ठेवलेले तात्या. आताही आत येत न्हाईत. पायरीवर बसलेत, रस्त्याकडं तोंड, घराकडं पाठ, बटन गळ्यापर्यंत. अक्का माझ्या पिशवीकडं बघून राह्यली आणि म्हणते, "गजू, तात्या म्हणतात, त्याला सांग, दार उघडं ठेवून वाजव म्हणावं."

दाजी, आधी सांगतो. मंग वाजवतो.