बाहेरची सून

८ जानेवारी १९९२
श्रीराम भाऊजी आज परत नळाशी भांडत होते. ह्यांचे मोठे भाऊ. आत्या सगळ्यांना सांगते, "मिल बंद पडली, त्याचा सदमा बसला." पण मिल चालू होती तेव्हापासून त्यांना आवाज येतात, मला माहीत आहे. आत्या म्हणजे माझी सासू. बाबांची सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही आत्याच.

११ जानेवारी
भाऊजींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, ऐसे मरीजों के दिमाग में अंदर की खाली जगह कई बार बड़ी मिलती है. आता ते बऱ्या भावाबहिणींचे पण फोटो काढून बघतायत. हे लगेच तयार. "मुफ्त में खोपड़ी का फोटो, कौन छोड़ेगा भिया!"
भावातलं ह्यांच्यात असेल तर? आणि ह्यांच्यातलं आमच्या लेकीत, अनुत?

१२ जानेवारी
अनु भिंतीकडे बघून एकटीच हसते. सगळीच पोरं हसतात ना?

१९ जानेवारी
हे दाढी करताना पुटपुटत होते. दाराआडून ऐकलं — क्रिकेटचा स्कोर. तरी अनुला त्यांच्याजवळ दिलं नाही. तिला ताप आहे म्हटलं. खोटं.
"मी काय चावतो का तिला?"
ठरवलं, अनुला घेऊन बेटम्याला जायचं. माझ्या माहेरी. तिथे असलं काही नाही.

२३ जानेवारी
ह्यांचा फोटो झाला. ताडून बघायला डॉक्टरांना घराबाहेरची माणसं पण हवी होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "बहू तो बाहर की है, इनका भी ले लो." मशीनमध्ये मी डोळे गच्च मिटून पडले.
बाहेर आले तर हे हसतायत. "बाहर की कैसे साब, मेरे सगे मामा की लड़की है. हमारे में चलता है."
डॉक्टरांचा पेन थांबला. आत्याला विचारलं, आपके मायके में किसी को था?
आत्या पदर पिळत बसली. मग हळूच — "धाकटा भाऊ. स्वतःशीच बोलायचा. घर सोडून गेला. साधू झाला म्हणून सांगितलं आम्ही."
माझे काका. बेटम्याचे.

२ फेब्रुवारी
ह्यांचा फोटो साफ. माझ्या डोक्यातली रिकामी जागा मोठी. डॉक्टर म्हणाले, फोटो का मतलब बीमारी नहीं.
ह्यांना विचारलं, मी पुटपुटले तर सांगाल ना?
"रोजच पुटपुटतेस."
अनुला आज मीच त्यांच्या कुशीत निजवलं.