छातीचे टाके

दादा, जिथे असशील तिथे,

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहिते. काल संग्रहालयातली एक मुलगी तू लढाईवरून पाठवलेली पत्रं मागायला आली. मी म्हटलं, "बाई गं, यात लढाईबद्दल चकार शब्द नाही. पत्रं आधी पलटणीतले साहेब वाचायचे, म्हणून हा नुसता स्वेटरबद्दल लिहायचा."

"तेच हवंय, आजी," ती म्हणाली.

मग तिला वाचून दाखवलं. "आई, मागचा स्वेटर सैल व्हायला लागला, मित्राला देऊन टाकला. नवा विणशील तेव्हा छातीला थोडे टाके कमी घाल." पुढच्या पत्रात आणखी कमी. त्याच्या पुढच्यात आणखी. ती मुलगी लिहायची थांबली.

आणि तेव्हा मी तुला काय कळवलं होतं? "तिकडे नटून कोणाला दाखवतोस रे?" आई मात्र हसली नव्हती. लोकांचे स्वेटर विणून घर चालवायची ती. तिला सगळं कळलं होतं. ती पार्सलातला खाऊ वाढवत गेली.

शेवटचा स्वेटर तिने चांगला ऐसपैस विणला. मी म्हटलं, "आई, माप चुकलं."

"हा पाठवायचा नाहीये. घरी आल्यावर अंगाने भरेल, तेव्हा घालेल."

त्याची घडी कोणी मोडलीच नाही.

पत्रं सगळी दिली त्या मुलीला. तिने स्वेटरही मागितला, तो नाही दिला. त्याचं माप तुझ्या एकाही पत्रात नाही.

तुझी आगाऊ,
धाकटी