दुखवट्याच्या साडीचा रंग

१८ जानेवारी, रविवार
अक्काकडे झाडांना पाणी घालून आलो. डिसेंबरात दाजी गेले तेव्हापासून हे रोजचं. आज नळाचा दिवस नव्हता, पिंपातलं बादलीने घातलं. अक्का आत कॉटवर. ‘चहा ठेवू का’ एवढंच विचारलं, मी नको म्हटलं. हो म्हणायला हवं होतं का? तिला उठावं लागलं असतं. की उठली असती तेच बरं झालं असतं?
शेजारी हळदीकुंकू होतं. बायका फाटकावरून जात होत्या. यंदा अक्काला बोलावणं नाही. वाईट कोणी काही बोललं नाही. नुसत्या गेल्या.

२० जाने.
मोडनिंबच्या मावशीचा फोन. संक्रांतीला दुखवटा काढत नाहीत, आता पाडव्याला काढायचा. माहेरची साडी, गोडाचा घास, मग घर सणाला मोकळं. आई-वडील नाहीत, म्हणजे माहेर मीच. साडी मी आणायची.
रंगाचं विचारलं तर म्हणाली, “वय बघू नगंस, दिस बघ. मोतिया घे, न्हायतर राखाडी.”
राखाडी नाही घेणार. चिंचोळीला कारखान्यात दिवसभर तेच बघतो. परदेशी हॉटेलांचे टॉवेल: पांढरा, राखाडी, वाळूचा. डिझाइन करणारा म्हणवतो स्वतःला. सहा-सात वर्षांत लाल रंगाची फाइल उघडलेली नाही.

२५ जाने., रथसप्तमी
आज पाणी घालताना रंगासाठी म्हणून बाग बघितली. पूर्वी कधी अशी बघितली नव्हती, दाजी दाखवायचे तेवढीच.
शेवंती वाळून काळी. जास्वंद आहे, पण तो लाल फार देवाचा. कोरांटीचा जांभळा दुरून छान, कापडावर मरेल. अबोली बरी. अक्का रोज सकाळी अबोलीचा गजरा करायची. म्हणून ती नको. तिचं झाड फुलांनी भरलंय आणि खाली सडा.
मोगऱ्याची छाटणीही राहिली. हात लावायचं धाडस होत नाही.

३१ जाने.
व्यंकटेशकडे गेलो. सोलापूरच्या पूर्व भागात आता हातमागावर साड्या विणणारे थोडे, त्यात हा कॉलेजपासूनचा मित्र. तयार साडी घेत नाही, तू विण, म्हटलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रंग दे म्हणाला, सूत रंगवायचं, मागावर चढवायचं. घाई करू लागलो तर हसला. “टॉवेल न्हाय हे, सर. लई घाई केली की रंग रुसतो.” मित्र असून चिडवायचं असलं की सर म्हणतो. मग विचारलं, अक्का कशी हाय. बरी आहे म्हणालो. मला खरंच माहीत नाही.

१ फेब्रु.
सापडला रंग. म्हणजे आठवला.
दाजींचं डाळिंब. दर वर्षी पाडव्याच्या आधी त्याला पालवी फुटते, तांबूस. लाल नाही, तपकिरी नाही, उन्हात धरली की आतून हिरवी. त्यांच्याकडे राहून मी कॉलेज केलं. तेव्हा ते सकाळी मला अंथरुणातून ओढून अंगणात न्यायचे. “हे बघ, आणि मग जा झोपायला.” झोप कुठली येणार.
तोच. विधवेचा नाही, सवाष्णीचा नाही, कोणाचाच नाही. पालवी आली की डहाळी घेऊन व्यंकटेशकडे.
आज डाळिंबाला एक बादली जास्त घातली.

९ फेब्रु.
पालवी नाही. जुनी पानं तशीच, मळक्या हिरव्या रंगाची, गळतही नाहीत. गल्लीच्या टोकाला एका घरातलं डाळिंब तांबूस होऊन गेलंय. खत कमी पडलं? शेणखत आणून घातलं. पाणी रोज दोन वेळा, कामावरून येतानाही जातो.
सुनीता म्हणाली, आपल्या घरी कधी येणार आहेस? बायकोने विचारावं असंच विचारलं, भांडून नाही.

१२ फेब्रु.
अक्का बाहेर आली. पायरीवर बसली, मी बादली ओतत होतो. बराच वेळ बघत होती.
“त्याला पाणी घालतोस?”
रोज, म्हटलं. अभिमानानेच म्हटलं असणार.
“दिवाळीनंतर हे त्याला पाणी देत नसत. कोरडं ठेवायचं, पानं गळू द्यायची. मगच नवीन येतं. दवाखान्यात जायच्या आधी तोडलं होतं त्याचं पाणी.”
मला का नाही सांगितलंस, विचारलं. ती म्हणाली, तू विचारलंस कुठं. येतोस, बादली भरतोस, जातोस.
खरं आहे. सोलापुरात जन्म गेला. डाळिंबाला ताण देतात हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मीही सांगू शकलो असतो, कोणी विचारलं असतं तर. अंगणात उभं राहून मात्र ते सुचलं नाही. दाजींनी शेवटचं जे काम सुरू केलं होतं ते मी रोज बादलीने मोडत होतो.

१३ फेब्रु.
आता पाणी बंद करावं? उन्हाळा लागतोय, उशीर झाला. चालू ठेवावं? अक्काला विचारायला गेलो तर झोपली होती. किंवा डोळे मिटून पडली होती. डाळिंब सोडून बाकी सगळ्यांना घातलं.

१५ फेब्रु.
गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन डहाळी मागितली. त्या बाई म्हणाल्या, पूजेला का? हो म्हणालो. खोटं. साडीसाठी सांगितलं असतं तर कोणाची, कशाची, सगळं सांगावं लागलं असतं.
व्यंकटेशने पानं खिडकीत धरली, चुरगाळली, वास घेतला. उभं सूत हिरवं, आडवं तांबडं, पदर साधा. ठरलं. तेवढा वेळ बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी. आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

८ मार्च, रंगपंचमी
पोरांनी रस्ते अडवलेले. साडी पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, अशी स्कूटरवरून आणली.
घरी उलगडली. हलवली की रंग बदलतो. सुनीताने हात फिरवला. मग म्हणाली, फार सुंदर झालीय. थोड्या वेळाने, “पण तू त्यांना विचारलंयस का, त्यांना पाडव्यालाच हवंय का?”
नाही विचारलं. रीत आहे, रीत विचारून करत नाहीत. की मला ही साडी कोणाला तरी द्यायची आहे, एवढंच? मेहुण्यासाठी दुखवटा काढायची रीत नाही. मला कोणी काही आणणार नाही.

१९ मार्च, पाडवा
आमच्याकडे गुढी सुनीताने उभारली, मी मावशीला घेऊन अक्काकडे. मावशीने श्रीखंड आणलं होतं. अक्का पाटावर बसली, सांगितलं तशी. मी साडी मांडीवर ठेवली.
मावशी आधी साडीवर घसरली. असला रंग? सांगितलं होतं की मी. मग अक्काला म्हणाली, ऊठ, नेसून ये, घास खा, झालं गेलं झालं.
अक्काने साडीची घडी एका बोटाने उचलली. रंग तिने ओळखला. चेहऱ्यावरून कळलं. त्यानेच जास्त लागलं असावं.
“तुम्ही सगळे मला उठवायला आलात. मला अजून थोडं बसायचंय.”
मावशी म्हणाली, किती बसशील? आमी न्हाय का उठलो? मावशीचा नवरा ती पंचविशीत असताना गेला. तिसऱ्या दिवशी शेतात गेली होती म्हणे. मग तीच रडायला लागली, आणि अक्काने पाटावरून उठून तिला पाणी दिलं.
श्रीखंड कोणी खाल्लं नाही. साडी अक्काने आत नेली. परत दिली नाही, नेसलीही नाही.

२० मार्च
मावशीला मोडनिंबच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, “साडी वाईट न्हाय रं. लवकर झाली.”

२३ मार्च, सोमवार
सकाळी नेहमीच्या वेळी गेलो. पिंप भरलेलं, झाडांची आळी ओली. मोगऱ्याची छाटणी झालेली, वेडीवाकडी, काड्या बाजूला रचलेल्या. डाळिंबाला मात्र पाणी नव्हतं. अक्का फाटकापर्यंत आली. हाताला माती.
आता छाटून मोगरा येईल का, विचारलं. माहीत नाही म्हणाली.
“रवी, झाडांचं मी बघते. तू आता थोडे दिवस येऊ नकोस.”
रागावलीस का? नाही म्हणाली. मग साडीचं विचारणार होतो, विचारलं नाही. थोडे म्हणजे किती? मी बोलावीन, म्हणाली. फाटकाला आतून कडी घातली. हळू घातली, आवाज होऊ न देता.
घरी आलो. कामावर जायला अजून वेळ होता. सुनीताने चहा दिला आणि समोर बसली. दाजी गेल्यापासून सकाळी मला काही करायचं नाही असं पहिल्यांदाच झालं. कप हातात तसाच राहिला आणि मला रडू फुटलं. मी थांबेपर्यंत ती समोरून उठली नाही.